चार नंबरच्या मशिनवरचा कागद

एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये माझं नाव नोंदवलेलं होतं. ठरलेल्या महिन्यात जायचं, रांगेत उभं राहायचं, कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि 'कॉल आला की कळवू' हे ऐकून घरी यायचं, असं माझं वर्षभर चाललं होतं. खिडकीमागचे कारकून मला चेहऱ्यानं ओळखायला लागले, पण कॉल काही आला नाही. मग कुणीतरी स्टँडजवळच्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. त्यांच्या खोलीवर 'नोकरी मार्गदर्शन' अशी पाटी होती. त्यांनी माझे फोटो मागितले, दोन महिन्यांनी परत मागितले, आणि तिसऱ्यांदा मागितले तेव्हा मी म्हटलं, "अल्बम करताय का माझा?" तिथला माझा विषय तिथंच संपला. मी पहिल्यापासून अशीच, तोंडानं फटकळ आणि त्याहून जास्त मानी. त्याचे तोटे मी पुष्कळ भोगलेत, त्यातला सगळ्यात मोठा पुढं येतोच आहे.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. माझे वडील मलकापूरला शाळामास्तर होते. मॅट्रिक झाल्यावर टायपिंग शिकायला म्हणून त्यांनी मला कोल्हापुरात त्यांच्या बहिणीकडे, माझ्या आत्याकडे ठेवलं. अट एकच होती. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर ट्रंक उचलायची आणि घरी यायचं. वडील कठोर नव्हते, पण बहिणीच्या घरी मुलगी किती दिवस ठेवायची याचा त्यांना संकोच होता.

मला मलकापूरला परत जायची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. माझ्या पाठची बहीण माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तिला कोल्हापूरला कॉलेजात पाठवायचं की नाही, हे माझ्यावरून ठरणार होतं. 'मोठीला पाठवून काय उजेड पडला?' असं घरात एकदा म्हटलं गेलं की धाकटीची वाट बंद. तिनं मला पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'ताई, कुठंतरी लाग की लवकर.' ते कार्ड मी टायपिंगच्या वहीत ठेवलं होतं. वही उघडली की आधी तेच दिसायचं.

टायपिंगच्या क्लासात आमची सहा मशिनं होती आणि ती दुरुस्त करायला एक चाचा यायचे. लक्ष्मीपुरीत त्यांचं एका दाराएवढं दुकान होतं. पण ते तिथं क्वचितच असायचे. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत तेलाची बुधली, ब्रश, चिमटे आणि रिबिनी, असे ते दिवसभर गावभर फिरायचे. उद्यमनगरातले कारखाने, वकिलांची ऑफिसं, सोसायट्या, कॉलेजं, जिथं टाइपरायटर तिथं चाचा. आवाज असा की ते गल्लीच्या तोंडाशी कुणाशी बोलत असले तरी आम्हाला वर क्लासात ऐकू यायचं.

आता टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुठल्या ऑफिसात काय चाललंय हे मालकाच्या आधी कळतं. कुठल्या टायपिस्टचं लग्न ठरलंय, कोण सोडून चाललाय, कुठल्या मशिनवर महिनाभर धूळ बसलीय, हे सगळं त्यांना ठाऊक. साहजिकच मालक त्यांनाच म्हणायचे, "चाचा, एखादा टायपिस्ट बघा की." आणि चाचा बघायचे. कोल्हापुरात त्या काळी अशी कितीतरी मुलंमुली त्यांच्या पिशवीतून नोकरीला लागली. ते कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. मालकाचं मशीन त्यांच्याकडंच दुरुस्तीला यायचं, त्यात ते समाधानी होते.

त्यांची पद्धत मात्र त्यांचीच होती. ते कधीही, न सांगता यायचे. ज्याची पाळी असेल त्याला म्हणायचे, "बस चार नंबरला." मशिनला कोरा कागद स्वतः लावायचे, समोर एक पानभर पत्र ठेवायचे आणि घड्याळ बघायचे. खोडरबर लांब ठेवायचा. वेळ झाली की कागद स्वतः ओढून घ्यायचे आणि न बघता त्याची चार पदरी घडी घालायचे. घडीवर आपण आपल्या हातानं नाव लिहायचं. झालं. तो कागद पिशवीत जायचा आणि उघडायचा तो मालकापुढंच. तोवर चाचासुद्धा बघायचे नाहीत. "पैला कागद हाय," एवढंच ते मालकाला सांगायचे. "ह्यात काय हाय ते मला बी म्हाईत न्हाय. दोघं मिळून बघू." मालकांचा या 'पैल्या कागदा'वर सर्टिफिकेटपेक्षा जास्त विश्वास होता. सर्टिफिकेट परीक्षेचं असतं, त्यासाठी माणूस तयारी करतो. पहिल्या कागदात माणूस जसा आहे तसा सापडतो, असं त्यांचं म्हणणं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझी पाळी आली. चाचांनी मला चार नंबरला बसवलं. सुरुवात झकास झाली. अर्धं पान संपलं, पाऊण संपलं, आणि शेवट दिसायला लागला तशी माझी बोटं पळायला लागली. शेवटच्या दोन ओळींत कुठं कुठं बोट चुकीचं पडलं ते मला तेव्हाच कळलं होतं. चाचांनी कागद ओढला, घडी घातली, मी नाव लिहिलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. क्लासात सगळ्यांत वेगात मीच होते. सर माझं उदाहरण देत असत. आणि तो कागद आता कुठल्यातरी मालकापुढं उघडणार होता.

त्या शुक्रवारी चाचा क्लासातली मशिनं साफ करायला आले. दुपारी नमाजला जाताना पिशवी त्यांनी नेहमीसारखी दारामागच्या खुंटीला अडकवली. सर जेवायला गेले होते. क्लासात मी एकटी होते. कागद त्या पिशवीत वरच, ब्रशाशेजारी होते.

मी माझा काढला. उघडला. चार चुका होत्या. चारीच्या चारी शेवटच्या दोन ओळींत. मग मी तेच पत्र घेतलं आणि एक नंबरच्या मशिनवर बसले. एक नंबर सगळ्यांत नवं, त्याचं अक्षर सुरेख उठायचं. चार नंबरवर इंग्रजी 'आर' जरासा खाली बसायचा, ते मला पहिल्यापासून आवडत नव्हतं. एवढे मोठे मेकॅनिक आणि एक अक्षर धड बसवता येत नाही, असं मी मनात म्हणायची. एक नंबरवर मी शांतपणे, एकही चूक न करता सबंध पत्र उतरवलं. चार पदरी घडी घातली, वर नाव लिहिलं आणि पिशवीत ठेवलं. जुना कागद वहीत, बहिणीच्या कार्डाशेजारी गेला. चाचा परत आले तेव्हा मी चार नंबरवर मान खाली घालून सराव करत होते.

आपण चोरी केली असं मला त्या वेळी वाटलंच नाही. टायपिंग माझं, बोटं माझी, नाव माझं. फक्त जरा बरा चेहरा करून गेले, एवढंच.

सोमवारी चाचांनी मला उद्यमनगरात एका फाउंड्रीत नेलं. ते सायकल हातात धरून पुढं, मी मागं. मालक पांढऱ्या शर्टातले, घाईतले, पण बरे वाटले. चाचांनी पिशवीतून कागद काढला आणि मालकांच्या हातात दिला. "पैला कागद हाय, साहेब."

मालकांनी उघडला, वरून खाली वाचला, परत वाचला. "चाचा, आजपर्यंत तुम्ही किती कागद आणले असतील? पण बिनचुकीचा हा पहिला." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "उद्यापासून या."

माझ्या डोळ्यांपुढं धाकटी बहीण उभी राहिली, हातात पुस्तकं घेतलेली. मी नमस्कार करायला हात जोडले, तेवढ्यात चाचांनी कागद मालकांच्या हातून घेतला. तो घेऊन ते खिडकीपाशी गेले. उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. मला काहीच कळेना.

"साहेब," ते म्हणाले, "ह्यो कागद माझा न्हाय."

"म्हणजे?"

"पोरगी माझी हाय. कागद माझा न्हाय. मी हिला चार नंबरला बसवलंवतं. ह्यो एक नंबरचा हाय."

मालक हसले. "असू द्या की. टायपिंग तर तिचंच आहे ना?"

"असंल. तिचंच असंल. पर पैला न्हाय. आज ह्यो पैला म्हणून दिला, तर उद्या माझ्या कागदाला इचारतंय कोण?" त्यांनी घडी घातली, पिशवीत ठेवली आणि मला म्हणाले, "चल."

पाच मिनिटं मला नोकरी होती.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता हा माणूस सगळ्या उद्यमनगराला ऐकू जाईल असा ओरडणार. ते ओरडले नाहीत. एरवी मशिनवर चहाचा कप ठेवला म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडणारे चाचा त्या दिवशी इतक्या हळू बोलले की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"पैला कुठाय?"

फाडला, असं सांगावंसं वाटलं होतं. का कुणास ठाऊक, सांगवलं नाही. "वहीत आहे," मी म्हटलं.

"जपून ठेव," म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले.

मी घरी येईपर्यंत लाजेचा राग झाला होता. माझं हे नेहमीचंच. आत्याला सगळं सांगितलं, म्हणजे मला सोयीचं तेवढं सांगितलं. आत्या अस्सल कोल्हापूरची. इथल्या बायकांसारखी तीही पुरुषांच्या थाटात 'मी जातो, मी येतो' असंच बोलायची, आणि बोलायची तसं करायची. "त्या म्हाताऱ्याला काय नडलंवतं गं? मालक हो म्हणतोय तर ह्याच्या पोटात का दुखावं? थांब, मी जातो आनी इचारतो." पदर खोचून ती लक्ष्मीपुरीला निघाली. आता चाचांची धडगत नाही, असं वाटून मला जरा बरंही वाटलं.

दीड तासानं ती परत आली. चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "चहा चांगला करत्यात त्यांच्याकडं." मी वाट बघत उभी. मग तिनं विचारलं, "पिशवीतला कागद काढलावतास, हे मला का न्हाय सांगितलंस?" तिनं हात पुढं केला. "तो पैला कागद दे. मागितलाय त्यांनी."

तिथं त्यांचं काय बोलणं झालं ते तिनं शेवटपर्यंत मला नीट सांगितलं नाही. एक मात्र सांगितलं. क्लासातल्या सहाही मशिनांत चाचांनी एकेक अक्षर मुद्दाम किंचित सरकवून ठेवलं होतं. परीक्षेला चालेल इतकंच, पण त्यांना ओळखता येईल इतकं. त्यावरून सरांचं आणि त्यांचं दर वर्षी भांडण व्हायचं. चार नंबरचा खाली बसणारा 'आर' ही हयगय नव्हती, ती त्यांची सही होती. आणि मी शहाणी, ती सही आवडत नाही म्हणून दुसऱ्या मशिनवर जाऊन बसले होते.

मी वहीतून कागद काढून आत्याच्या हातात दिला. बहिणीचं कार्ड त्याला चिकटून आलं, ते परत ठेवलं.

दिवाळी आठ दिवसांवर आली. आत्यानं माझी ट्रंक माळ्यावरून काढली, झाडली आणि कोपऱ्यात ठेवली. वडिलांचं पत्र आलं, त्यात एसटीची वेळ होती. मी कपड्यांच्या घड्या घालायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांची हाक गल्लीतून वर आली, नेहमीच्या आवाजात. "चल गं. कबनूरला जायचंय."

एसटीत ते एवढंच म्हणाले, "तिथं इचारतील ते खरं सांग. मी बी सांगणार हाय." मी मान हलवली. सबंध प्रवासात मला वाटत होतं की हा माणूस मला परत एकदा चारचौघांत उभं करणार. पण नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि दुसरी वाटही नव्हती.

कबनूरला एका मालकांचे कापडाचे माग होते. ऑफिस म्हणजे मागांच्या शेडला लागून एक खोली. बाहेरच्या खडखडाटात तिथं सगळेच ओरडून बोलत. मालकांच्या केसांत, भुवयांत कापूस होता. चाचांनी दोन कागद काढले आणि दोन्ही टेबलावर ठेवले.

"ह्यो पैला कागद. आनी ह्यो हिनं नंतर केला. माझ्या पिशवीत बदलून ठेवलावता. मी वळखला. तवा मागितला तर पैला दिला, फाडलावता म्हणून खोटं सांगितलं न्हाय. आता तुमी बघा."

मालकांनी बिनचुकीचा कागद बाजूला सारला. पहिला उघडला आणि बोटानं एकेक ओळ बघत मोठ्यांदा चुका मोजल्या. "एक. दोन. तीन. चार. सगळ्या शेवटाला." मग मला विचारलं, "का बदललास?"

"लाज वाटली," मी म्हटलं. खडखडाटात त्यांना ऐकू गेलं नाही. मला ते वाक्य ओरडून म्हणावं लागलं. "लाज वाटली!" बाहेर बॉबिन भरणाऱ्या बायकांनी मान वळवून बघितलं.

मालक चाचांकडं वळले. "चाचा, आमची पत्रं म्हंजे किती मोठी? माल पाठवला, माल पोचला, सूत खराब आलं. आठ ओळींच्या वर काय न्हाय. हिची घाई सुरू व्हायच्या आधी आमचं पत्र संपतंय की." आणि ते आपल्याच बोलण्यावर खदखदून हसले. चाचाही हसले. मी मात्र रडले, तिथंच, त्या कापसात उभी राहून.

अशी मी नोकरीला लागले. दिवाळीला मलकापूरला गेले ती आठ दिवसांसाठी, आणि पुढच्या जूनमध्ये माझी बहीण तीच ट्रंक घेऊन आत्याकडे आली. ती पुढं कॉलेजात शिकवायला लागली. मी चाचांना विचारलं होतं, तुम्हाला काय देऊ? ते म्हणाले, "मशिनवर चहा ठिऊ नगंस." मी आजवर ठेवलेला नाही.

खरं सांगायचं तर त्या फाउंड्रीचा राग माझ्या मनातून जायला दोनतीन वर्षं गेली. मालक हो म्हणत असताना चाचा गप्प बसले असते तर त्यांचं काय बिघडलं असतं, हा माझा प्रश्न. मग कबनूरला मीच पत्रं, पावत्या, तक्रारी सांभाळायला लागले आणि कळायला लागलं की ज्याच्या एका शब्दावर दहा ठिकाणची दारं उघडतात, त्याला तो शब्द किती जपावा लागतो. त्यांनी मला वाचवायला तो शब्द खर्च केला नाही, आणि तो शाबूत होता म्हणूनच मला कबनूरला नेता आलं. एवढी साधी गोष्ट समजायला मला इतका वेळ लागला, याबद्दल मी स्वतःला अजून बोल लावते.

ऐंशीच्या दशकात चाचा थकले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, सायकल सुटली. एका दुपारी ते एसटीनं कबनूरला आले. मी तेव्हा ऑफिसची सगळी व्यवस्था बघत होते. मला वाटलं मशीन बघायला आले असतील. ते खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि पिशवीतून चार पदरी घडीचा एक कागद काढला. घडीवर एका मुलीचं नाव होतं, तिच्याच अक्षरात.

"बघ," म्हणाले.

"काय बघू?"

"चार नंबरचा हाय का? मला आता 'आर' दिसत न्हाय. कालपासनं पिशवी क्लासात हुती. घेऊन जायचं तर नक्की करून जायला पायजे."

मी कागद हातात घेतला आणि थबकले. "चाचा, मला विचारताय? मीच तर तुमच्या पिशवीतला..."

"व्हय की. म्हणूनच तुला इचारतोय. बदललेला कागद कसा असतोय ते तुझ्याबिगार कुणाला म्हाईत हाय?" आणि मग बोट वर करून, अगदी मास्तरांसारखं, "उघड. पर चुका किती ते मला सांगू नगंस."

मी कागद खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, जसा त्यांनी एकदा धरला होता. ओळी नजरेआड करून फक्त 'आर' शोधत राहिले. प्रत्येक 'आर' किंचित खाली बसलेला होता. आयुष्यात मला पगार मिळाला, बढती मिळाली, निरोप समारंभात शाल मिळाली. पण त्या दुपारी जे मिळालं तेवढं मोठं मला कुणीही, कधीही दिलेलं नाही.

"चार नंबरचाच आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, चाचा."

त्यांनी परत विचारलं नाही. चाचपडत जुन्या घड्यांवरच घडी घातली, कागद पिशवीत ठेवला आणि पिशवी खांद्याला लावली. मी त्यांना एसटीत बसवून आले. उद्यमनगरात एक मालक त्या कागदाची वाट बघत होते.